खरखरीसकट गाणं : वाचकांचे प्रश्न

जुनी, सदोष ध्वनिमुद्रणं घरच्या यंत्रणेवर ऐकण्याबद्दल सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रत्येक उत्तरामागे एकच पद्धत आहे. दोष यंत्रणेत आहे, तबकडी-कॅसेटमध्ये आहे की मूळ मुद्रणातच आहे, हे आधी ठरवायचं. पहिल्या दोन जागचे दोष बरेचसे निघतात. तिसऱ्या जागचा दोष काढायला गेलं तर बहुधा गाणंही त्याच्यासोबत निघून जातं.

प्रश्न : आजोबांकडच्या नाट्यगीतांच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या आहेत. त्यासाठी नवा टर्नटेबल घेतला. त्यात ७८चा वेग आहे, पण गाण्यापेक्षा खरखरच मोठी येते. पूर्वी घरच्या जुन्या प्लेअरवर एवढी खरखर येत नव्हती. तबकड्या गेल्या का?
— दाजी पेठ

उत्तर : तबकड्या गेल्या असं लगेच समजू नका. ७८चा वेग असला म्हणजे ७८ची तबकडी वाजवता येते असं नाही. नव्या टर्नटेबलसोबत येणारी सुई एल.पी.च्या बारीक खाचेसाठी असते आणि तिच्या टोकाची त्रिज्या एक हजारांश इंचापेक्षा कमी असते. ७८ची खाच बरीच रुंद. तिला सुमारे तीन हजारांश इंच, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपास त्रिज्येची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या भिंतींवर न टेकता तळाशी घसरत जाते, आणि तळाशी असते धूळ आणि जुन्या पोलादी सुयांनी खरवडलेली भुकटी. तुम्हाला ऐकू येतंय ते बहुतांशी हेच. तुमच्या कार्ट्रिजचा (सुई बसते त्या डबीचा) क्रमांक पाहून त्याला बसणारी ७८ची सुई मागवा. सुईचं तबकडीवर पडणारं वजन सुईसोबतच्या कागदावर असेल तेवढंच ठेवा, ७८च्या सुईला ते बहुधा ३ ते ५ ग्रॅम असतं. हलकं ठेवलं तर तबकडी वाचेल हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती जास्त खराब करते.

दुसरी गोष्ट मोनोची. ७८च्या खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. सुई वर-खाली हलते ती निव्वळ कचऱ्यामुळे, पण स्टीरिओ कार्ट्रिज तीही हालचाल वाचतं. दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभ्या हालचालीचे सिग्नल परस्परविरुद्ध असल्यामुळे एकमेकांना खोडतात. ॲम्प्लिफायरवर मोनो बटण असेल तर दाबा, फरक लगेच कळेल. बटण नसेल तर दोन आउटपुट नुसत्या वाय-केबलने जोडू नका. प्रत्येक चॅनेलच्या तारेत १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग एकत्र करा.

तिसरी गोष्ट स्वराच्या रंगाची. जुन्या प्लेअरमधला एकच सहा-सात इंची स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ मुका असायचा, त्यामुळे खरखरीचा वरचा भाग बाहेरच पडत नसे. नव्या स्पीकरचा ट्वीटर तो भाग इमानाने ऐकवतो. १९२५ पूर्वीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या मुद्रणात साधारण २०० ते ३,००० हर्ट्झ एवढंच काय ते असतं. त्यानंतरच्या विद्युत मुद्रणात ते पाच-सहा हजारांपर्यंत जातं, पुढच्या तबकड्यांत त्याहून वर. म्हणून ६,००० हर्ट्झच्या वरचा भाग ५-६ डेसिबलने खाली आणायला हरकत नाही. पूर्ण कापू मात्र नका. वरची थोडी सरसर राहिली तर आवाज मोकळा वाटतो, ती गेली की गाणं बंद पेटीतून आल्यासारखं येतं.

टर्नटेबलमधला फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) आर.आय.ए.ए. वक्र वापरतो, म्हणजे खालचे स्वर किती चढवायचे आणि वरचे किती उतरवायचे याचं ठरलेलं माप. तो १९५०च्या दशकात रूढ झाला. जुन्या ७८च्या तबकड्या वेगळ्या वक्राने कापलेल्या आहेत, म्हणून त्या अशा प्रीॲम्पवर खाली जाड आणि वर मंद वाजतात. बेस ४ ते ६ डेसिबल उतरवा आणि इक्वलायझर असेल तर ३,०००-४,००० हर्ट्झचा पट्टा ३ डेसिबल चढवा. शब्द लगेच पुढे येतात. सबवूफर बंदच ठेवा. या तबकड्यांत त्याच्या कामाचं काही नसतं, मोटरची गुरगुर तेवढी वाढते.

धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. ७८च्या तबकडीतली लाख त्यात विरघळते आणि तबकडी कायमची जाते. डिस्टिल्ड वॉटर अर्धा लिटर, त्यात भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसणं आणि उभं ठेवून सुकवणं. मधला कागद कोरडा राहू द्या. बोअरचं पाणी वापरलं तर त्यातले क्षार खाचेत बसतात आणि नवी खरखर तयार होते.

प्रश्न : १९८०च्या दशकात आमच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी भरल्या होत्या. आज चांगल्या डेकवर लावल्या तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. हेड साफ केलं, फरक नाही.
— विजापूर रोड

उत्तर : हेड साफ असूनही आवाज दबलेला असेल तर पहिला संशय हेडच्या कोनावर घ्या. मुद्रणाच्या वेळी त्या टेपरेकॉर्डरचं हेड थोडं तिरकं असेल आणि तुमच्या डेकचं सरळ असेल, तर डेक बरोबर असूनही वरचे स्वर गळतात. कॅसेट स्टीरिओ डेकवर मोनो करून वाजवली की ही गळती आणखी वाढते.

डेकचं कॅसेटचं झाकण काढलं की हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतात. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो कोनाचा. बहुधा त्यावर रंगाचा ठिपका असतो. आधी मार्करने मूळ जागा खूण करून ठेवा. कॅसेट चालू ठेवून, मोनोमध्ये, चुंबकत्व नसलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा. भजनाच्या कॅसेटीत यासाठी टाळाइतकं चांगलं साधन नाही. टाळाचा नाद सर्वांत लख्ख, सर्वांत बारीक येतो ती जागा बरोबर. दोन्ही बाजूंना थोडं पुढे जाऊन परत मध्ये या, म्हणजे खात्री होते. कॅसेटची दुसरी बाजू वेगळ्या दिवशी वा वेगळ्या यंत्रावर भरली असेल तर तिचा कोन वेगळा निघू शकतो. ऐकून वा उतरवून झाल्यावर कंपनीत भरलेली एखादी चांगली कॅसेट लावून कोन पूर्ववत करा, नाहीतर बाकीचा सगळा संग्रह दबलेला वाजेल.

हे करण्याआधी कॅसेटमध्ये डोकावून बघा. फितीच्या मागे एक लहान फेल्टचा तुकडा असतो, तो फीत हेडवर दाबतो. त्याखालचा फोम कुजला की तुकडा गळून पडतो आणि आवाज येतो-जातो, येतो-जातो. तसं असेल तर दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटच्या खोक्यात दोन्ही रिळं हलवा. बरीच वर्षं पडून असलेली कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. थर एकमेकांना चिकटलेले असले तर सुटतात. हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारा धातूचा दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलने, रबरी चाक मात्र सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. चाक चकचकीत आणि टणक झालं असेल तर ते बदलणं हाच उपाय. ते घसरतं, आणि पेटीचा लांब स्वर थरथरायला लागतो.

एकदा सूर लागला की त्याच बैठकीत संगणकावर उतरवून ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो अशा एका तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाजही शून्याखाली ६ डेसिबल राहील.

प्रश्न : डेकवरचं डॉल्बीचं बटण चालू ठेवावं की बंद?
— बार्शी

उत्तर : कॅसेटवर डॉल्बीची दुहेरी डीची खूण असेल तर चालू, नसेल तर बंद. घरी भरलेल्या कॅसेटी बहुतेक विना-डॉल्बीच्या असतात. खूण असूनही आवाज मंद येत असेल तर बटण बंद करून बरं वाटून घेऊ नका, वर सांगितलेला कोन आधी तपासा. वरचे स्वर आधीच गळत असले की डॉल्बी ते आणखी दाबतो.

प्रश्न : नात्यातल्या एका घरगुती मैफलीचं मुद्रण संगणकावर 'स्वच्छ' केलं. हिस्स (फितीची सततची सरसर) गेली, पण गवई पाण्याखाली गातोय असं वाटतं आणि तंबोरा नाहीसाच झाला.
— जुळे सोलापूर

उत्तर : तंबोरा प्रोग्रॅमने तुमच्या सांगण्यावरूनच काढला आहे. ऑडॅसिटीसारखे प्रोग्रॅम 'नुसत्या गोंगाटाचा' एक तुकडा नमुना म्हणून मागतात. मैफलीच्या मुद्रणात आपण गवई गायला लागण्याआधीचे काही सेकंद निवडतो. त्या वेळी तंबोरे जुळून वाजत असतात. प्रोग्रॅम समजतो की हाच गोंगाट, आणि सबंध मैफलीतून तो वजा करत जातो. जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांच्या झणकाराचा, सगळा झगमगाट वरच्या उपस्वरांत असतो, हिस्सही तिथेच असते. त्यामुळे मार पहिला बसतो तो जवारीला. त्यानंतर तबल्याच्या चाटेवरचे बोल आणि शब्दांतले स, श बोथट होतात. पाण्याखालचे बुडबुडे म्हणजे गोंगाट आणि गाणं यांच्या सीमेवर प्रोग्रॅमचं क्षणाक्षणाला बदलणारं मत.

मूळ, हात न लावलेली फाइल असेल तिथून पुन्हा सुरुवात करा. नसेल तर कॅसेट पुन्हा उतरवा, कारण वजा झालेलं परत आणता येत नाही. नमुना म्हणून तंबोरे सुरू होण्याआधीचा किंवा थांबल्यानंतरचा तुकडा शोधा, अर्धा सेकंद पुरतो. मुद्रण संपल्यानंतरची कोरी फीत चालणार नाही, तिच्यात मायक्रोफोनचा आणि खोलीचा आवाज नसतो. असा तुकडा नसेल तर हा उपाय सोडून द्या. असेल तर घट ६ डेसिबलपेक्षा जास्त ठेवू नका आणि लागू करण्याआधी 'रेसिड्यू' हा पर्याय निवडून काय काढलं जातंय तेवढंच ऐका. त्यात फक्त हिस्स हवी. तंबोऱ्याचा गुंजारव किंवा बोलांची टोकं ऐकू आली तर घट आणखी कमी करा.

आमचं मत सांगायचं तर हिस्सला हात लावायची गरज क्वचितच पडते. सतत, एकसारखी चालणारी हिस्स कान पाच-सात मिनिटांत बाजूला ठेवतो. कान ज्याला सरावत नाही ते आवाज म्हणजे मध्येच येणारा टक्, मायक्रोफोनला लागलेला धक्का, कुणाचं मोठ्याने खोकणं. मेहनत तिथे घ्या. टक् आवाज एकेक करून, पडद्यावर लाटेचं चित्र मोठं करून, 'रिपेअर'ने काढा. तो पर्याय एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच चालतो, म्हणजे जेमतेम तीन मिलिसेकंद, आणि टक् एवढाच असतो. धक्क्याचा धप् आवाज काढू नका, तेवढ्या भागाची पातळी ८-१० डेसिबल उतरवा. दाद मात्र राहू द्या. ती काढली की गवई पुढची तान का घेतो तेच कळत नाही.

प्रश्न : घराशेजारी यंत्रमाग आहेत. दिवसा ख्यालाचा विलंबित भाग ऐकूच येत नाही, आवाज वाढवला तर द्रुत लयीत घर दणाणतं. बेस वाढवून उपयोग होईल का?
— अशोक चौक

उत्तर : नाही, उलट होईल. मागांची खटखट आणि घरघर मुख्यतः खालच्या आणि मधल्या पट्ट्यात असते. तिथे स्पर्धा करून तुम्ही हराल. खालचा मोठा आवाज वरच्या हळू आवाजाला झाकतो, म्हणजे स्वतःच वाढवलेला बेस आलापीला आणखी झाकेल. बेस ३ डेसिबल कमी करा आणि स्पीकर जवळ घ्या. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांत तीन-साडेतीन फुटांचा त्रिकोण पुरे. अंतर निम्मं केलं की स्पीकरचा थेट आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढतो, आणि घर दणाणत नाही कारण ॲम्प्लिफायर तेवढाच आहे.

फाइल वाजवत असाल तर प्लेअरमध्ये सौम्य काँप्रेसर लावा, तो हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करतो. प्रमाण २:१, सीमा शून्याखाली २५ डेसिबल, सुटण्याचा वेळ ४००-५०० मिलिसेकंद. वेळ कमी ठेवलात तर तबल्याच्या प्रत्येक ठोक्यानंतर हिस्स उसळून वर येते. होम थिएटरच्या रिसीव्हरवर 'नाइट मोड' असतो तोही हेच काम करतो. कानावर पूर्ण बसणारे बंद हेडफोन हा दुसरा मार्ग. साध्या इअरफोनवर मागांच्या वरताण आवाज करून ऐकू नका, कानाचं नुकसान होतं.

प्रश्न : खोली १० बाय १२, खाली शहाबादी फरशी. पेटी आणि डग्गा गडबडतात. भिंतीवर सोलापुरी चादर लावली, तरी घुमतंच.
— होटगी रोड

उत्तर : चादर भिंतीला चिकटवून लावली तर ती फक्त वरचे स्वर शोषते. खालचं घुमणं तसंच राहतं आणि वर मंद पडल्यामुळे ते जास्तच जाणवतं. तीच चादर भिंतीपासून चार इंच पुढे, भिंतीच्या दुप्पट रुंदीच्या चुण्या घालून टांगा. मग ती साधारण ८५० हर्ट्झपासून वर काम करते. त्याखाली काम करायला कापसाची जाड गादी लागते, ती कोपऱ्यात उभी ठेवा.

घुमण्याचं मूळ खोलीच्या मापात आहे. दहा फुटांच्या बाजूवर सुमारे ५६ हर्ट्झ आणि बारा फुटांच्या बाजूवर ४७ हर्ट्झ उसळतात. छतही दहा फुटांवर असेल तर ५६वर दोन बाजूंचा मार पडतो. उपाय फुकट आहे. स्पीकर कोपऱ्यातून काढून दोन्ही भिंतींपासून दीड-दोन फूट पुढे घ्या, दोन अंतरं सारखी नकोत. स्वतः मागच्या भिंतीला टेकून बसू नका आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही नको. खुर्ची एकेक फूट सरकवत डग्ग्याची मींड ऐका. ती जिथे एकसंध ऐकू येते तिथे बसा.

प्रश्न : 'रीमास्टर्ड' गाणी सुरुवातीला छान वाटतात, दहा मिनिटांनी डोकं दुखतं. शिवाय काही जुन्या गाण्यांवर 'झंकार'चा ठेका चढवलेला. काढता येतो का?
— पंढरपूर

उत्तर : नवी आवृत्ती छान वाटते ती बहुधा मोठी असते म्हणून. जुनी आणि नवी एकाच पातळीवर आणून पुन्हा तुलना करा. एक डेसिबलचा फरकही 'जास्त चांगलं' वाटायला पुरतो. नव्या मुद्रणात हळू आणि मोठं यांतलं अंतर दाबून लाटांचे माथे छाटले असतील तर ते परत येत नाहीत. २,५०० ते ४,००० हर्ट्झ २-३ डेसिबल उतरवल्यास त्रास कमी होतो, एवढंच. जुनी एल.पी. किंवा सुरुवातीच्या काळातली सीडी मिळाली तर ती घ्या.

झंकार पूर्णपणे निघत नाही. मूळ गाणं मोनो असेल आणि वर चढवलेला प्रतिध्वनी दोन बाजूंना पसरलेला असेल तर मोनो बटणाने तो थोडा आत येतो. ठेका मात्र राहतोच. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा साधी प्रत शोधा.

प्रश्न : गाणं थांबवलं तरी घूंऽ आवाज येतो.
— मोहोळ

उत्तर : थांबवल्यावरही येतो म्हणजे दोष यंत्रणेत. आवाजाचं बटण शून्यावर नेल्यावरही येत असेल तर ॲम्प्लिफायरमध्ये, बहुधा जुने फिल्टर कपॅसिटर. शून्यावर जात असेल तर एकेक तार काढत जा, ज्या तारेने थांबेल तिथे रोग. टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार ॲम्पच्या स्क्रूला जोडली आहे का ते पहा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा. घूं थांबली तर तो अर्थिंगचा वळसा आहे, लॅपटॉप आणि ॲम्प एकाच बोर्डावर लावा. प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने शॉक बसू शकतो.

घूं मुद्रणातच असेल तर बेस उतरवू नका, डग्गा जाईल. ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद नॉच (तेवढाच स्वर कापणारा फिल्टर) लावा, क्यू, म्हणजे अरुंदपणाचं माप, ३०च्या आसपास. गायकाचा षड्ज पांढरी दोन असेल तर तो १४७ हर्ट्झला लागतो, म्हणून तिथे १५०चा नॉच लावूच नका.

प्रश्न : जुन्या मुद्रणासोबत रियाज करायचा आहे, पण मोबाइलवरचा तानपुरा कुठल्याच पट्टीत जुळत नाही.
— अक्कलकोट

उत्तर : वेग चुकला आहे. वेगात ६ टक्के फरक म्हणजे पूर्ण एक अर्धस्वर, ३ टक्के म्हणजे बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये. कॅसेट डेकचा वेग पट्टा सैल झाल्याने किंवा मोटरमुळे बदलतो. बऱ्याच मोटरींच्या पाठीवर बारीक भोक असतं, त्यातला स्क्रू किंचित फिरवून वेग जुळवता येतो. पट्टी माहीत असलेल्या, कंपनीने भरलेल्या कॅसेटवर तो जुळवा. तरीही तुमची कॅसेट बेसूर असेल तर ती भरतानाच वेग चुकला होता.

तबकड्यांत १९२५ पूर्वीच्या '७८' नेमक्या ७८ नसतात, सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत काहीही असू शकतात. ७५ने कापलेली तबकडी ७८ने वाजवली तर गायक दोन-तृतीयांश अर्धस्वर वर चढतो, आणि तान चपळ वाटते ती तेवढीच फुकटची. टर्नटेबलवर वेगाची सरकपट्टी नसेल तर उतरवलेल्या फाइलवर ऑडॅसिटीतलं 'चेंज स्पीड अँड पिच' वापरा. नुसतं 'चेंज पिच' नको, त्यात लय चुकीचीच राहते.

मुद्रणातली विजेची घूं मोजून वेग काढायची युक्ती सांगितली जाते. आपल्याकडे ती बेताने वापरा. पूर्वी ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झवर स्थिर नसायची, बऱ्याचदा खाली उतरायची. त्यापेक्षा गायक नेहमी कुठल्या पट्टीत गात असे ते त्याच्या दुसऱ्या, खात्रीच्या मुद्रणावरून काढा आणि जवळच्या पट्टीवर आणा. त्यानंतर पेटीचा रंग ऐका. वेग जास्त असेल तर पेटी पातळ, नाकात बोलल्यासारखी येते, कमी असेल तर जाड आणि आळशी.

प्रश्न : उन्हाळ्यात कॅसेटी आणि रेकॉर्डी कुठे ठेवाव्यात? घर पत्र्याचं आहे.
— माढा

उत्तर : माळ्यावर नको, पत्र्याखाली हवा सर्वांत जास्त तापते. जमिनीलगतच्या कपाटात, आतल्या भिंतीकडे ठेवा. रेकॉर्डी उभ्या, एकमेकींना टेकून, तिरक्या न होता. एल.पी. उन्हात वाकते, लाखेची ७८ आडव्या ढिगात तडकते. कॅसेट पूर्ण एका बाजूला गुंडाळून उभी ठेवा, अर्ध्यावर सोडू नका, आणि स्पीकरपासून एक फूट तरी लांब.